पर्यायी पालक

बुधवार, ११ ऑक्टोबर
सकाळचे साडेनऊ

प्रिय धाकटीस,

मंगळवार, दिनांक १० ऑक्टोबर रोजी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपण फोनवरून एका परक्या बाईला माझ्याविषयी खोटी माहिती दिलीत.

तक्रारीचं पत्र गुन्ह्याच्या तारखेनं आणि वेळेनं सुरू करावं, विशेषणं मागाहून वापरावीत, असं कॉन्व्हेंटात पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर सांगत. तुझ्या वर्गावरही त्याच होत्या. पण त्या तासाला तू वहीच्या मागच्या पानावर बदकं काढायचीस, म्हणून नियम पुन्हा सांगितला. आणि ते ‘आपण’ आता पुरे. जिचं नाक मी स्वतःच्या रुमालानं पुसलंय तिला ‘आपण’ म्हणताना माझाच घसा खवखवतो.

मी खुशाल आहे. तूही असशील. झाली विचारपूस.

तुला वाटेल कुणीतरी माझे कान भरले. कुणी भरले नाहीत. तू बोलत होतीस तेव्हा मी टेबलाच्या या बाजूला बसले होते. जनावरांच्या शेल्टरमधली ती खोली तुझ्या न्हाणीघराएवढी. एक स्टीलचं टेबल, कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर कुत्र्यांच्या जातींचा तक्ता, आणि टेबलामागे डॉक्टरीणबाई. वय तिशीच्या आत. समोरच्या माणसाकडेही अशा बघतात की आता जीभ बाहेर काढायला सांगतील. त्यांचा फोन कानाला लावलेला असला तरी सगळ्या खोलीला ऐकू येतो. अकरा वर्षांनी मी तुझा आवाज ऐकला, तोही दुसरीच्या कानातून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्या मोठ्या बहिणींनी आमच्याकडे कुत्र्यासाठी अर्ज केलाय. पर्यायी पालक म्हणून तुमचं नाव दिलंय.”

आधी तू खोकलीस. तो खोकला मला आवडला नाही, पण तो विषय वेगळा. मग म्हणालीस, “कोण? ताई? ताईला कुत्रा हवाय?” आणि हसलीस.

“हो. त्या एकट्या राहतात ना, म्हणून...”

“अहो, तिच्याकडे कुंडीतलं रोपटं तगत नाही, आणि तुम्ही जितं जनावर कसलं देताय? माझा कुत्रा ठेवला होता मी तिच्याकडे. तीन आठवड्यांच्या आत घालवला. म्हणे नळवाल्यानं दार उघडं टाकलं. टाकलं असेल. पण शोधायला एक पायरी उतरली नाही ती. एक पायरी! मलाच वर म्हणाली, कुत्राच तो. नका देऊ तिला. त्या कुत्र्याची दया करा.”

डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला, वेळ टिपली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “फोनचा आवाज जरा मोठाच आहे याचा.”

मी म्हटलं, “माझे कानही चांगले आहेत.”

तर आता मुद्द्यांवर येते.

कुंडी. माझ्या खिडकीत तीन वर्षं कोरफड आहे. कोरफड मारायला खास मेहनत घ्यावी लागते हे मान्य, पण आहे ती.

वेंधळ्या. तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस आणि तुझ्या त्या कुत्र्याला तीन महिन्यांसाठी माझ्याकडे ठेवलंस. एकोणिसाव्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला आलेल्या नळवाल्यानं बाहेरचं दार उघडं टाकलं आणि वेंधळ्या निघून गेला. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं.

पायरी. माझ्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. त्या मी उतरले नाही, हे तुझं विधान धादांत खोटं आहे. ते कुठल्या आधारावर केलंस?

तर माझी मागणी अशी. सोबत शेल्टरचा फॉर्म जोडला आहे. वरचं विधान मागे घेतल्याचं दोन ओळींत लिहून दे, पर्यायी पालकाच्या रकान्यात सही कर आणि परत पाठव.

आपली विश्वासू,
थोरली

दुपारचे चार

पाकीट अजून चिकटवलेलं नाही. डिंकाची बाटली वाळून खडखडीत झाली आहे. दुकानात जावं लागेल. तेवढ्यात तुझ्या हसण्यावर दोन शब्द लिहिते, कारण ते डोक्यातून जात नाही. कुत्र्याचं हे खूळ मला म्हातारपणी एकदम चढलं असं तुला वाटत असेल. तसं नाही. मी याचा अभ्यास केला आहे.

चौतीस वर्षं मी रक्तपेढीत जुळणी केली. देणाऱ्याचा एक थेंब, घेणाऱ्याचा एक थेंब, काचेवर एकत्र करायचे आणि बघायचं, गुठळी होते का. झाली की पिशवी बाजूला. लोक भावाला घेऊन यायचे, छाती पुढे काढून सांगायचे, सख्खा आहे, त्याचंच घ्या. आणि जुळायचं मात्र रांगेत तिसऱ्या नंबरवर उभ्या असलेल्या कुणा अनोळखी माणसाचं. त्यामुळे कोण कुणाला चालेल हे आवडीनं ठरवायचं नसतं, एवढं मला कळतं. वाचनालयातून ‘एकट्या माणसाचा कुत्रा’ या विषयावर मिळालं ते सगळं आणलं आणि आलेखाच्या कागदावर तक्ता आखला.

लॅब्राडोर तीस किलोचा. त्याला फिरायला नेलं तर कोण कुणाला नेतंय हे रस्त्यावरच्या लोकांना विचारावं लागेल. जर्मन शेफर्डला काम लागतं, रिकामं बसवलं की तो सोफा फाडतो. रिकामपणी सोफा फाडावासा मलाही वाटतो, आणि सोफा एकच आहे. डाशहुंड मला शोभला असता, लांबट आणि चिडका. पण त्याच्या पाठीला जिना चालत नाही, आणि बेचाळीस पायऱ्या रोज दोनदा कडेवर घेऊन उतरायला माझ्या गुडघ्यांनी नकार कळवला आहे. पामेरियन दाराची बेल वाजली की भुंकतं. माझी बेल आठवड्यातून एकदा वाजते. बिचारं बेकारीनं मरेल.

पग मात्र दोन दिवस डोक्यात होता. तोंड बघून वाटलं, याचंही सगळ्या जगाशी भांडण आहे. पण त्याला श्वासाचा त्रास. घरात एकानं घोरलं तर ठीक, दोघांनी घोरायला भिंती पातळ आहेत.

आणि पिल्लू कुठल्याच जातीचं नको. माझं वय एकाहत्तर, पिल्लाचं आयुष्य चौदा वर्षं. बेरीज तुलाही येते.

जातींपाशी येण्याआधी पुस्तकात एक गृहपाठ होता. ‘एकट्या राहणाऱ्या व्यक्तीने स्वतःची दिनचर्या तासागणिक प्रामाणिकपणे लिहून काढावी, म्हणजे कुत्र्यासाठी किती वेळ आहे ते कळेल.’ मी बसले लिहायला. साडेपाच, उठणे. सहा, चहा. साडेसहा, फिरणे. आठ, वर्तमानपत्र. नऊ, आंघोळ, कपडे, भाजी. साडेनऊ...

साडेनऊच्या पुढे रकाने मोकळे राहिले. मी पेन धरून बराच वेळ बसले. एकच्या समोर ‘जेवण’ लिहिलं आणि सातच्या समोर परत ‘जेवण’. पुस्तक लिहिणाऱ्याची अपेक्षा होती की वेळ कमी पडेल.

तू हसू नकोस, पण मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी फोन वाजला. मी उचलला, ‘हॅलो’ म्हटलं, आणि आवाजच फुटेना. शुक्रवारी सकाळी दूधवाल्याशी बोलले होते, त्यानंतर कुणाशी बोलायचं कामच पडलं नव्हतं, घशाला सवय राहिली नव्हती. दोनदा खाकरले. पलीकडच्या बाईला रंगारी हवा होता, नंबर चुकला होता. ‘राँग नंबर’ म्हणून ठेवायचं की नाही? मी विचारलं, कुठला रंग देताय. ती म्हणाली, फिकट पिवळा. मी म्हटलं, उत्तरेच्या खोलीला पिवळा देऊ नका, आजारी दिसतं. ती म्हणाली, खोली पश्चिमेची आहे. मग चालेल, म्हटलं. असं चार मिनिटं चाललं. शेवटी तीच म्हणाली, “काकू, मी ठेवू का आता?”

तिसऱ्या दिवशी मी शेल्टरमध्ये गेले.

तक्ता घेऊनच गेले होते. डॉक्टरीणबाईंनी तो नीट वाचला, हसल्या नाहीत, म्हणून मला आवडल्या. म्हणाल्या, “याच्यात बसणारी जात नाहीये, पण एक कुत्री आहे.” शेवटच्या खोलीत नेलं. आत आठ वर्षांची एक तपकिरी कुत्री, धड लांबट, कान लोंबते, शेपटी भलत्याच कुणाची तरी. कार्डावर लिहिलेलं, ‘जात: अनिश्चित’. बाकीचे गजांवर उड्या मारत होते, ही पाय जुळवून बसली होती आणि सगळ्यांकडे असं बघत होती जणू आता वर्गाला छड्या मिळणार. तिथले लोक तिला ‘मोठ्या बाई’ म्हणतात. तिची मालकीण वृद्धाश्रमात गेली, तिथे कुत्रे घेत नाहीत.

मी आत स्टुलावर बसले. पंधरा मिनिटं दोघी एकमेकींकडे न बघता बसलो. मग ती उठली, माझ्या चपलेचा वास घेतला, आणि चपलेवर हनुवटी ठेवून पुन्हा तशीच नाराज बसली. मी पाय हलवला नाही. मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

त्यानंतर तो फॉर्म. सत्तरीपुढचा एकटा अर्जदार असेल तर ‘पर्यायी पालक’ लागतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, मेथी नसेल तर पालक चालेल असं काही आहे. अर्थ असा की उद्या मी दवाखान्यात पडले, किंवा त्याच्याही पुढे गेले, तर मोठ्या बाईंना कोण नेईल? नाव, पत्ता, नातं. आणि खाली ‘संपर्कात आहात का? होय / नाही.’

तुझं नाव मी लिहिलं. तुला न विचारता. त्याचं कारण दुसरं नाव नव्हतं. ऑफिसातल्या दोघी गेल्या, तिसरीला आता माणसं ओळखू येत नाहीत. शेजारी दर अकरा महिन्यांनी बदलतात. मी फॉर्म घरी आणला, दोन दिवस टेबलावर ठेवला आणि मग तुझं नाव लिहिलं. ‘संपर्कात आहात का’ रिकामं सोडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मनानं ‘होय’वर खूण केली. बहीण म्हटल्यावर असणारच, असं वाटलं असेल त्यांना. लहान आहेत अजून.

गुरुवार, १२ ऑक्टोबर
सकाळचे सात

डिंक काल संध्याकाळीच आणला. तरीही पाकीट उघडंच आहे.

रक्तपेढीत एक नियम होता. नोंद चुकली तर खोडरबर चालत नाही, गिरगटायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. चुकलेल्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. चूक होती हेही दिसलं पाहिजे, आणि कुणी केली हेही.

माझं कालचं पहिलं पान उलट आणि बघ. ‘नळवाल्यानं बाहेरचं दार उघडं टाकलं’ या शब्दांवर मी रेघ मारली आहे. समासात लिहिलं आहे, ‘मी उघडलं.’ खाली सही आहे.

नळवाला त्या दिवशी आलाच नव्हता. तो आदल्या आठवड्यात येऊन गेला होता.

वेंधळ्या पहिल्या दिवसापासून दाराकडे तोंड करून बसायचा. खायचा, प्यायचा, मी हाक मारली की शेपूटही हलवायचा, पण मान वळवायचा नाही. शेपूट माझी, डोळे तुझे. मला निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. घरात मी होते आणि तो होता, आणि दोघांपैकी एकालाच वाट बघायला कुणीतरी होतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी त्याच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो उठला, हातभर सरकला आणि परत दाराकडे तोंड करून बसला. गुरगुरला नाही. अगदी सभ्यपणे सरकला, बसमध्ये परका माणूस सरकतो तसा.

मी दार उघडलं. म्हटलं, “जा मग. जा तिच्याकडे.”

मला वाटलं तो जाणार नाही. असं म्हटल्यावर कुणी जायचं नसतं. आपल्या घरात आई दिवसातून दोनदा ‘जा निघून’ म्हणायची, गेलो का आपण कधी? त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. तो गेला. पायऱ्यांवर त्याची नखं वाजत गेली, ती मी दारात उभी राहून ऐकली. दहा मिनिटं मी तशीच उभी होते, कारण कोपऱ्यापर्यंत जाऊन येईल असा माझा हिशोब होता.

मग मी उतरले. बेचाळीसच्या बेचाळीस पायऱ्या. तीन दिवस माझ्या बाजूच्या गल्ल्या, बाजार, नाल्याकाठचा रस्ता सगळं पालथं घातलं. इस्त्रीवाल्याला, बसथांब्यावरच्या लोकांना, शाळेच्या पहारेकऱ्याला विचारलं. चौथ्या दिवशी डोक्यात उजेड पडला की तो तुझ्याकडे गेला असणार. मीच तर सांगितलं होतं त्याला.

तुझ्या बंद घरापाशी पोचले तेव्हा दाराच्या खालच्या फळीवर ओरखडे होते. ताजे, लाकूड पांढरं दिसत होतं. तुझ्या शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, दोन दिवस इथंच बसला होता, मी पाणी ठेवलं, आज सकाळी दिसला नाही. आज सकाळी. मी दुपारी पोचले होते.

त्यानंतरचे सहा दिवस मी रोज बसनं येऊन दुपारभर तुझ्या पायरीवर बसले. तो परत आला नाही. शिंपीणबाईंना मी हात जोडून सांगितलं होतं की तुला बोलू नका, आणि त्या बोलल्या नाहीत, म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस. परत आल्यावर तू मला फोनवर सांगितलंस, दाराची खालची फळी खराब झाली होती, रंगवून घेतली. मी म्हटलं, बरं केलंस.

त्याच फोनवर तू विचारलंस, “शोधलंस का तरी?” आणि मी म्हटलं, “कुत्राच तो. शोधायला कुणाला वेळ आहे?” शोधलं असं म्हटलं असतं तर कुठे कुठे शोधलं, हे तू विचारलं असतंस. एकेक गल्ली विचारत विचारत तू मला तुझ्याच दारापाशी आणून उभी केली असतीस. तू खोदून विचारतेस, लहानपणापासून. त्यापेक्षा माणूसघाणी ठरणं मला सोपं वाटलं. तू फोन ठेवलास आणि अकरा वर्षं पुन्हा उचलला नाहीस. तुझी नात आता अकराची असेल. तिचं नाक आपल्या आईसारखं आहे असं कुणीतरी मला सांगितलं. कोण ते आठवत नाही.

नळवाल्याला तू फोन करून काय काय बोललीस ते मला ठाऊक आहे, कारण तो माझ्या दारात येऊन म्हणाला होता, “बाई, मी त्या दिवशी आलो तरी होतो का?” मी म्हटलं, मला आठवत नाही. आमच्या इमारतीत त्याला नंतर कुणी बोलावलं नाही. त्याच्याकडेही जायचं आहे. पण पहिलं पत्र तुला.

तेव्हा काल केलेली मागणी मी मागे घेते. मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू जे बोललीस त्यातल्या दोन्ही खोट्या गोष्टी, नळवाला आणि पायरी, तुला मीच पुरवल्या होत्या. बाकी जे खरं आहे ते तू सांगितलंस त्याहून वाईट आहे. डॉक्टरीणबाईंना मी तेही सांगणार आहे. मग त्यांनी कुत्री दिली नाही तर तो त्यांचा अधिकार.

फॉर्म मात्र पाकिटात तसाच ठेवते. सोमवारी, २३ तारखेला, ज्यांना घर मिळालं नाही ती सगळी म्हातारी जनावरं गाडीनं लांबच्या एका मोठ्या शेल्टरला जाणार आहेत. मोठ्या बाईंना प्रवास सोसत नाही, गाडीत त्या उलट्या करतात, असं कार्डावर लिहिलं आहे. मी रोज दहाला जाऊन तासभर बसते. काल उठले तेव्हा त्या गजांपर्यंत सोबत आल्या. मी परत फिरून पाहिलं नाही, म्हणजे त्या अजून उभ्या होत्या की नाही ते मला सांगता येणार नाही.

तुला मोठ्या बाईंना प्रत्यक्षात न्यावं लागणार नाही, मी ठणठणीत आहे, असं लिहिणार होते. पण एकाहत्तराव्या वर्षी ते लिहिणं म्हणजे आणखी एक नळवाला. न्यावं लागेल, कधीतरी. त्या जिन्यावर धापा टाकतात, दूधभात खातात आणि कुणी रडलं की खोलीतून उठून जातात. सही करताना हे सगळं धरून कर.

किंवा डॉक्टरीणबाईंच्या ‘होय’वर रेघ मारून ‘नाही’वर खूण कर. त्याचं मला वाईट वाटेल, पण अन्याय वाटणार नाही. रकाना रिकामा सोडू नकोस, एवढंच. रिकामे रकाने माझ्याकडे पुष्कळ आहेत.

उत्तर शनिवार, २१ ऑक्टोबर, दुपारी बारा वाजेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. लेखी, तुझ्या अक्षरात, होय किंवा नाही. फोन करू नकोस. फोनवर मी खोटं बोलते.

तुझी,
ताई